गाडीसाठी स्वतंत्र नेव्हिगेशन यंत्र घ्यावे की मोबाइलवरच भागवावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेताना, लांबच्या प्रवासाला निघताना किंवा जुना नेव्हिगेटर बदलताना वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. ‘स्वतंत्र यंत्र’ म्हणजे गार्मिन, टॉमटॉम किंवा मॅपमायइंडिया यांसारख्या कंपन्यांनी केवळ रस्ता दाखवण्यासाठी बनवलेले, डॅशबोर्डवर किंवा काचेवर बसवायचे उपकरण. ‘मोबाइल’ म्हणजे रस्ता दाखवण्याबरोबरच इतर शंभर कामे करणारा स्मार्टफोन. टॅबलेट आणि ट्रेकिंगचे हातातले जीपीएस यांच्याविषयी प्रश्न ९ आणि १४ पाहावेत.

१. दोन्हींमध्ये मूळ फरक काय आहे?

उपग्रहांकडून येणारे संकेत पकडून आपले स्थान काढण्याची क्रिया दोन्हींत सारखीच असते. फरक आहे तो नकाशा कोठे साठवलेला आहे आणि यंत्राला त्या वेळी आणखी काय काय करावे लागते यात. स्वतंत्र यंत्रात संपूर्ण देशाचा नकाशा आधीपासून भरलेला असतो आणि त्याचा स्क्रीन, आवाज व काचेवरचा स्टँड हे सर्व गाडीतील वापर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते. मोबाइल सहसा नकाशा इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने मागवतो, त्याच वेळी फोन घेतो, संदेश दाखवतो आणि बॅटरीही त्याच सर्व कामांसाठी खर्च करतो. त्याच्या बदल्यात तो पुढच्या चौकातील कोंडी सांगू शकतो, जे स्वतंत्र यंत्राला फोनशी किंवा वाहतुकीची माहिती देणाऱ्या एखाद्या सेवेशी जोडल्याशिवाय जमत नाही.

२. मला तपशील नकोत. मी काय घ्यावे, एवढेच सांगा.

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत आणि त्यांना जोडणाऱ्या महामार्गांवर गाडी चालवणाऱ्याने वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. चांगला घट्ट स्टँड, गाडीतला दमदार चार्जर आणि मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेला नकाशा, एवढ्यावर काम भागते. ज्यांचा मोबाइल व्यवसायासाठी सतत वाजत असतो, जे दिवसाचे आठ-दहा तास गाडीत असतात किंवा ज्यांचे रस्ते वारंवार रेंजबाहेर जातात, त्यांना स्वतंत्र यंत्राचा पैसा वसूल होतो. मात्र ते घेण्यापूर्वी त्याच्या नकाशाविषयी प्रश्न ७ मधील चौकशी अवश्य करावी, कारण माझ्या मते उपकरण कोणते यापेक्षा त्यातला नकाशा किती ताजा आहे हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

३. रेंज गेली की मोबाइलचे जीपीएस बंद पडते का?

नाही. हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा असून तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत प्रसारित करतात, आणि आपला मोबाइल ते फक्त ऐकतो. त्यासाठी सिमकार्ड किंवा इंटरनेट लागत नाही. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि इस्रोची नाविक या यंत्रणाही याच तत्त्वावर चालतात, आणि आजचे बरेच मोबाइल यांपैकी अनेकांचे संकेत एकाच वेळी वापरतात.

तरीही रेंज नसताना अडचण येते, हा अनुभव खोटा नाही. त्याची कारणे दोन. पहिले कारण नकाशाचे आहे: स्थान सापडते, पण त्याखालचा नकाशा उतरवलेला नसल्याने निळा ठिपका कोऱ्या राखाडी पडद्यावर सरकत राहतो. दुसरे कारण वेळेचे आहे. जीपीएस उपग्रह आपली माहिती सेकंदाला केवळ ५० बिट या संथ गतीने पाठवतो. एका उपग्रहाच्या स्वतःच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. रेंजमध्ये असताना मोबाइल हा तपशील इंटरनेटवरून क्षणात मागवतो, म्हणून तो चटकन स्थान सांगतो. रेंजबाहेर, बराच वेळ बंद असलेला मोबाइल सुरू केला तर त्याला सर्व काही आकाशातूनच घ्यावे लागते आणि आपल्याला वाटते की जीपीएस बिघडले. म्हणून ताम्हिणी, आंबोली किंवा माळशेज घाटात शिरण्यापूर्वी, शेवटच्या मोठ्या गावातच, मोकळ्या आकाशाखाली नेव्हिगेशन सुरू करून ठेवावे.

४. नकाशा उतरवून घेतला की मोबाइल स्वतंत्र यंत्राच्या बरोबरीला येतो का?

बऱ्याच अंशी येतो, पूर्णपणे नाही. गूगल मॅप्समध्ये निवडलेल्या भागाचा नकाशा उतरवून ठेवता येतो आणि त्यावर इंटरनेटविना गाडीचा मार्ग मिळतो. परंतु त्या स्थितीत वाहतूक कोंडी दिसत नाही, पर्यायी रस्ते सुचवले जात नाहीत आणि पायी जाण्याचा मार्ग मिळत नाही. शिवाय उतरवलेला भाग ठरावीक मुदतीनंतर अद्ययावत करावा लागतो, नाहीतर तो निकामी होतो. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाने गेल्या वर्षीच्या नकाशावर विसंबून राहू नये. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर तो पुन्हा उतरवावा.

दुसरा पर्याय म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड यांसारखी ॲप. ही मुळातच इंटरनेटविना चालण्यासाठी बनवलेली आहेत आणि अख्ख्या प्रदेशाचा नकाशा मोबाइलमध्ये ठेवतात. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी भरलेला मुक्त नकाशा आहे. सह्याद्रीतील पायवाटा, पाण्याची टाकी, वाड्यावस्त्या यांची नोंद त्यात अनेक ठिकाणी फार चांगली आहे, तर दुकाने आणि घरांचे पत्ते अनेकदा अपुरे आहेत. गूगल मॅप्स आणि यांपैकी एखादे, अशी दोन्ही ॲप मोबाइलमध्ये असावीत असा माझा आग्रह आहे, कारण एकाचे उणे ते दुसऱ्याचे बलस्थान असते.

५. गाडी चालवताना मोबाइलवर नकाशा पाहणे कायद्याने चालते का?

चालते, पण अटीवर. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातील संपर्क उपकरणाचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा प्रकारेच, करता येतो. इतर कारणासाठी असे उपकरण वापरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरू शकते, आणि पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. मोबाइल स्टँडवर असावा, पत्ता गाडी हलण्यापूर्वी घालावा आणि पुढची सूचना कानाने घ्यावी. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून नकाशा लहान-मोठा करणाऱ्याला ‘मी नकाशाच पाहत होतो’ असे सांगून सुटता येईल, असे समजू नये. या बाबतीत स्वतंत्र यंत्र निःसंशय सरस आहे: त्यावर संदेश येत नाही, कोणाचा वाढदिवस आहे हे ते सांगत नाही, आणि वळणाच्या ऐन क्षणी फोन आल्यामुळे नकाशा झाकला जात नाही. मोबाइल वापरणाऱ्याने निदान ‘व्यत्यय नको’ ही सोय गाडी सुरू होताच आपोआप चालू होईल अशी ठेवावी.

६. अचूकता कोणाची जास्त?

मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचे स्थान साधारणतः पाच मीटरच्या आत बरोबर असते, आणि रस्ता शोधण्यासाठी ते पुरेसे आहे. २०१८ नंतर दोन वारंवारितांवर संकेत घेणारे मोबाइल बाजारात आले. उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या संकेतांमुळे होणारी चूक ते बरीच कमी करतात. त्यामुळे जुने स्वतंत्र यंत्र आजच्या चांगल्या मोबाइलपेक्षा अचूक असेलच, असे मानण्याचे कारण उरलेले नाही.

खरी पंचाईत उंचीची असते. दक्षिण मुंबईत जे. जे. उड्डाणपुलावर आणि त्याच्या खालून जाणाऱ्या मोहम्मद अली मार्गावर गाडीचे अक्षांश-रेखांश जवळजवळ एकच असतात. आपण वर आहोत की खाली, हे यंत्राला केवळ स्थानावरून ठामपणे कळत नाही. अशा ठिकाणी कोणतेही उपकरण चुकीचे वळण सांगू शकते. पुलाच्या तोंडाशी लावलेली पाटी वाचावी. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो, त्यानेही संकेत क्षीण होतात. अशा गाडीत उपकरणाची जागा बदलून पाहावी.

७. स्वतंत्र यंत्रातला नकाशा जुना झाला तर काय होते?

समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला: नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये. २०२१ चा नकाशा असलेले यंत्र घेऊन या मार्गावर चढलात, तर पडद्यावर तुमची गाडी शेतातून धावताना दिसेल, आणि यंत्र दर काही सेकंदांनी मार्ग नव्याने मोजत ‘जवळच्या रस्त्यावर या’ असे बजावत राहील. त्याहून वाईट म्हणजे निघण्यापूर्वी ते तुम्हाला हा रस्ता सुचवणारच नाही.

गावांच्या नावांचेही तेच. जुन्या नकाशात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा अहिल्यानगर असे शोधले तर काहीच सापडत नाही. तेथे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असेच टाकावे लागते. नव्या नकाशात उलट अनुभव येऊ शकतो, म्हणून दोन्ही नावे माहीत असावीत.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: नकाशा कोणत्या महिन्याचा आहे, पुढची अद्यतने मोफत आहेत की सशुल्क, आणि ती संगणकाला जोडून करायची की वायफायवर. ‘आजीवन नकाशा’ या शब्दांचा अर्थ कंपनी जोवर त्या मॉडेलला पाठबळ देते तोवर, एवढाच घ्यावा. गाडीत कंपनीने बसवलेल्या नेव्हिगेशनचा नकाशा काही वेळा एसडी कार्डावर असतो. तिथेही हीच चौकशी लागू पडते.

८. उन्हात मोबाइल तापून बंद पडतो. यावर उपाय आहे का?

आहे, पण मर्यादा समजून घ्यावी. ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे सांगते. मे महिन्यात अकोला, जळगाव किंवा चंद्रपूरला सावलीतलेच तापमान याच्या पुढे जाते, मग काचेमागच्या डॅशबोर्डची काय कथा. त्यातच स्क्रीन पूर्ण उजेडात, जीपीएस चालू आणि चार्जिंगही चालू, अशी तिहेरी उष्णता तयार होते. मोबाइल आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि अखेरीस केवळ तापमानाचा इशारा दाखवतो.

यासाठी स्टँड काचेवर न लावता एसीच्या झडपेसमोर लावावा, जाड कव्हर काढावे आणि वायरलेसऐवजी तारेने चार्ज करावे. सरळ लांब रस्त्यावर स्क्रीन बंद करून केवळ आवाजावर जाता येते. एवढे करूनही रोज दुपारी तासन्‌तास विदर्भात गाडी चालवायची असेल, तर स्वतंत्र यंत्राकडे वळण्याचे हे सबळ कारण आहे. मात्र तेही बंद गाडीत उन्हात ठेवून जाऊ नये, कारण त्यातही लिथियम बॅटरीच असते.

९. घरात टॅबलेट पडून आहे. मोठा पडदा म्हणून तोच लावू का?

आधी त्यात जीपीएस आहे का ते तपासा. ज्या आयपॅडला सिमची सोय नाही, फक्त वायफाय आहे, त्यात जीपीएसचा भागच नसतो. घरी तो आसपासच्या वायफायवरून स्थान बरोबर दाखवतो, त्यामुळे मालकाची समजूत होते की सर्व ठीक आहे, आणि शहराबाहेर पडताच ठिपका जागच्या जागी थिजतो. सिम असलेला आयपॅड चालतो. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये वायफायवाल्यांतही अनेकदा जीपीएस असते, पण मॉडेलची माहिती वाचूनच खात्री करावी. आकाराचाही विचार हवा: समोरचा रस्ता झाकणारा पडदा मोठा असून उपयोगाचा नाही.

१०. गाडीतच मोठा स्क्रीन आहे. मग वेगळे काही लागेल का?

त्या स्क्रीनवर काय चालते यावर ते अवलंबून आहे. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर नकाशा तुमच्या मोबाइलचाच असतो, स्क्रीन केवळ तो दाखवतो. मोबाइल घरी विसरला तर नेव्हिगेशनही घरीच राहते. तरीही गाडी चालवताना डोळ्यांना पडणारा ताण पाहता, उपलब्ध असल्यास हाच सर्वोत्तम मार्ग आहे. गाडीचे स्वतःचे नेव्हिगेशन असेल तर त्याला एक वेगळा फायदा मिळतो, तो प्रश्न ११ मध्ये दिला आहे.

११. बोगद्यात नेव्हिगेशन का गोंधळते?

बोगद्यात उपग्रहांचा संकेत पोहोचत नाही. भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यासारखा छोटा टप्पा असेल तर उपकरण आधीच्या वेगावरून अंदाज बांधते आणि बाहेर पडताच सावरते. समृद्धीवरील इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात हा अंदाज बराच चुकू शकतो. गाडीत मुळात बसवलेल्या अनेक यंत्रणा चाकांच्या फेऱ्या आणि वळणाचा कोन गाडीकडूनच घेतात, त्यामुळे त्या बोगद्यातही नीट चालतात. काचेवर चिकटवलेल्या स्वतंत्र यंत्राला किंवा मोबाइलला चाकांची ही माहिती सहसा मिळत नाही.

१२. यंत्राने भलत्याच गावी नेले. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा नावाचा. खेड रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तसेच पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरलाही खेड म्हणतात. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. शिरूर पुण्यात, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजण्यापलीकडे. म्हणून गाव टाकताना तालुका आणि जिल्हा पाहावा, आणि ‘सुरू’ दाबण्यापूर्वी एकूण अंतर एकदा वाचावे. पुण्याहून राजगुरुनगरला निघालेल्याला दोनशेच्या आसपास किलोमीटर दिसले, तर तेथेच थांबावे.

अक्षांश-रेखांशांतली चूक याहून फसवी असते. शनिवारवाड्याचा अक्षांश १८.५१९५ अंश आहे. अंश-मिनिटांत तोच १८ अंश ३१.१७ मिनिटे होतो आणि अंश-मिनिट-सेकंदांत १८ अंश ३१ मिनिटे १० सेकंद. काही स्वतंत्र यंत्रांत अंश-मिनिटांची पद्धत आधीपासून निवडलेली असते, तर मोबाइल दशांशातले अंश देतो. कोणी १८ अंश ३१.१७ मिनिटे हा आकडा १८.३११७ अंश म्हणून टाकला, तर ठिकाण सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. एका उपकरणातून दुसऱ्यात आकडे नेताना दोन्हींची मांडणी एकच आहे याची आधी खात्री करावी.

१३. यंत्र सांगते आहे म्हणून त्या रस्त्याने जावे का?

रात्री, पावसात आणि अनोळखी आडरस्त्यावर तर मुळीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी नकाशाच्या आधाराने निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली आणि त्यात एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे दगावले. पूल आहे हे नकाशाला माहीत असते, तो आज वापरात आहे का हे माहीत असेलच असे नाही. मोबाइल असो वा स्वतंत्र यंत्र, या बाबतीत दोन्ही सारखेच आंधळे आहेत. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात प्रशासनाच्या आदेशाने बंद होतात, तेव्हा निघण्यापूर्वी स्थानिक बातम्या पाहाव्यात. घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर गाडी थांबवून ‘वर रस्ता चालू आहे का हो, भाऊ?’ असे विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि तेथे मिळणारे उत्तर कोणत्याही उपग्रहापेक्षा ताजे असते.

१४. ट्रेकिंगचे हातातले जीपीएस गाडीतही वापरता येईल का?

वापरता येईल, पण सोयीचे नाही. गार्मिनच्या ईट्रेक्ससारखी यंत्रे दोन साध्या डबल-ए पेन्सिल सेलवर वीसेक तास चालतात, पावसात भिजली तरी टिकतात आणि हरिश्चंद्रगडावर मोबाइलची बॅटरी संपल्यावर त्यांचे मोल कळते. मात्र पडदा लहान, अनेक मॉडेलमध्ये बोलून वळण सांगण्याची सोय नाही, आणि रस्त्यांचा नकाशा वेगळा भरावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले नकाशे त्यात विनामूल्य घालता येतात. गाडीसाठी मोबाइल आणि डोंगरासाठी हे यंत्र, अशी विभागणी करावी.

१५. दुचाकीवर मोबाइल लावणे योग्य आहे का?

थोड्या अंतरासाठी ठीक आहे. शक्तिशाली इंजिनाच्या मोटारसायकलची कंपने आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाचा भाग कालांतराने बिघडवू शकतात, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. कंपन शोषणारा स्टँड घ्यावा, किंवा लांबच्या भटकंतीसाठी गार्मिन झुमोसारखे दुचाकीसाठीच बनवलेले यंत्र. नकाशात दुचाकीचा पर्याय निवडायला विसरू नये. नाहीतर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू किंवा जे. जे. उड्डाणपूल असे दुचाकीला मनाई असलेले रस्ते समोर येतात.

१६. परदेशात गाडी भाड्याने घेणार आहे. येथून यंत्र नेऊ का?

भारतात घेतलेल्या यंत्रात सहसा परदेशाचा नकाशा नसतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. काही दिवसांच्या सहलीसाठी मोबाइलवर त्या देशाचा नकाशा उतरवून नेणे स्वस्त पडते. एक खबरदारी मात्र हवी: जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड येथे वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांची जागा चालकाला सांगणाऱ्या सोयीवर कायद्याचे निर्बंध आहेत. ती सोय सीमेपूर्वीच बंद करावी, मग उपकरण कोणतेही असो.

१७. परदेशातील नातेवाईक उपग्रहावरून संदेश पाठवणारे जीपीएस भेट देणार आहेत. घेऊ का?

घेऊ नका. केवळ संकेत घेणारे जीपीएस आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. उपग्रह फोन आणि गार्मिन इनरीचसारखी दुतर्फा संपर्काची उपकरणे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना आणणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे. गोव्याच्या आणि दिल्लीच्या विमानतळांवर अशा उपकरणांसह आलेल्या परदेशी पर्यटकांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. नातेवाइकांना हे त्यांनी विमानात बसण्यापूर्वीच कळवावे आणि त्याऐवजी साधे, केवळ संकेत घेणारे मॉडेल आणायला सांगावे.

१८. कपाटात दहा-बारा वर्षांचे जुने यंत्र आहे, किंवा कोणी स्वस्तात देत आहे. उपयोग होईल का?

आधी ते सुरू करून मोकळ्या जागेत पंधरा-वीस मिनिटे ठेवा, कारण प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्याला सर्व माहिती आकाशातूनच गोळा करावी लागेल. मग तारीख पाहा. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची मोजणी १,०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते, आणि अशी वेळ ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आली होती. ज्या यंत्रांना त्यासाठीचे अद्यतन मिळाले नाही, त्यांतील काही सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवतात, आणि पोहोचण्याच्या वेळेचे गणितही त्यामुळे चुकू शकते. तारीख बरोबर असेल, बॅटरी फुगलेली नसेल आणि कंपनी अजून त्या मॉडेलला नकाशा देत असेल, तरच ते ठेवावे. नकाशा मिळत नसेल तर फुकट दिले तरी गाडीत लावू नये. ते ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे, आणि देण्यापूर्वी त्यात साठवलेला घरचा पत्ता व जुने प्रवास पुसून टाकावेत.